अमेरिकेत ट्रक चालवायला इंग्रजी नेमकं किती लागतं? रस्त्यावर अडवल्यावर काय विचारतात?

शिदोरी_पंचवटी
पंचवटीत मी स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेते. मुलाखती, आयईएलटीएस, हॉटेलवाल्यांचं इंग्रजी हे माझं नेहमीचं काम. आता एक वेगळा विद्यार्थी आलाय. वय ३४, दहावी पास, हेवी लायसन्स बारा वर्षांचं, हंगामात पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांचे रीफर (थंड ठेवणारे) कंटेनर जेएनपीटीला नेतो. बायको अमेरिकन नागरिक असल्याने ग्रीन कार्डवर साधारण पाच-सहा महिन्यांत न्यू जर्सीला जाणार आहे आणि तिथेही ट्रकच चालवायचाय.
ट्रकवाल्यांना इंग्रजीची सक्ती झाली, रस्त्यावर परीक्षा घेतात, नापास झालं की गाडी तिथेच उभी करतात असं तो ऐकून आलाय. यात खरं किती? प्रमाणपत्र चालतं का? रोज एक तास मिळाला तर शिकवायचं काय? त्याच्या दोन मित्रांना एका एजंटने "आमचं इंग्रजीचं सर्टिफिकेट घ्या, अमेरिकेचा ड्रायव्हर व्हिसा करून देतो" असं सांगितलंय. त्याबद्दलही कोणी सांगावं.

कलम_३९१
ताई, तो ऐकून आलाय ते बरंचसं खरं आहे, फक्त "सक्ती झाली" हे अर्धवट. सक्ती १९३० च्या दशकापासून आहे. बदलली ती अंमलबजावणी.
फेडरल नियम ३९१.११ बी २ चालकाकडून चार गोष्टी मागतो. सर्वसामान्य माणसाशी इंग्रजीत बोलता यावं, रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्या आणि सिग्नल कळावेत, अधिकाऱ्याच्या चौकशीला उत्तर देता यावं आणि अहवाल-नोंदींमध्ये भरणा करता यावा. हे सगळं "पुरेसं" यावं, एवढाच शब्द आहे. व्याकरण नाही, बँड नाही, शाळेची इयत्ता नाही. प्रमाणपत्राला या नियमात कुठेच जागा नाही, त्यामुळे आयईएलटीएसमध्ये सात मिळवलेला माणूससुद्धा रस्त्यावर गडबडला तर तो कागद उपयोगाचा नाही.
आता अंमलबजावणी. तपासणीचे निकष ठरवणाऱ्या कमर्शियल व्हेइकल सेफ्टी अलायन्सने २०१५ मध्ये इंग्रजीचा मुद्दा "आउट ऑफ सर्व्हिस"च्या, म्हणजे चालकाला तिथेच थांबवायच्या चुकांच्या, यादीतून काढला. जून २०१६ मध्ये एफएमसीएसए या फेडरल यंत्रणेनेही तसंच पत्रक काढलं. म्हणजे चूक कागदावर नोंदली जायची, पण गाडी पुढे जायची. २८ एप्रिल २०२५ ला राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, २० मे ला जुनं पत्रक रद्द होऊन नवं आलं आणि २५ जून २०२५ पासून हा मुद्दा पुन्हा आउट ऑफ सर्व्हिसच्या यादीत बसला. म्हणून सगळीकडे "नवीन नियम" अशी हाकाटी.
तपासणी दोन टप्प्यांत होते. अधिकारी सुरुवात इंग्रजीतच करतो. चालकाला सूचना कळत नाहीत असं वाटलं तर पहिला टप्पा म्हणजे मुलाखत. तिथे दुभाषा, मोबाइलवरचं भाषांतर, फोनवरून मदत, छापील कार्डं यांतलं काहीही चालत नाही. उत्तरही इंग्रजीतच द्यायचं. त्यात पार पडला तरच दुसरा टप्पा, पाट्यांचा. पहिल्यात अडकला तर पाट्यांपर्यंत गोष्ट जातच नाही. म्हणून पाट्या पाठ करून घेण्यावर महिना घालवून संभाषण मागे ठेवू नका. बहुतेक क्लासवाले नेमकं हेच उलटं करतात, कारण पाट्यांचा तक्ता भिंतीवर लावणं सोपं असतं.
आउट ऑफ सर्व्हिस म्हणजे दंड भरून सुटका नव्हे. चालक तिथून ती गाडी हलवू शकत नाही, कंपनीला दुसरा चालक पाठवावा लागतो. आदेश मोडून गाडी पुढे नेली आणि गुन्हा सिद्ध झाला तर पहिल्या वेळी किमान १८० दिवस सीडीएल (कमर्शियल ड्रायव्हर लायसन्स) जातं, दहा वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर किमान दोन वर्षं. तपासणीचा अहवाल चालकाच्या नोंदीत तीन वर्षं दिसतो आणि नोकरी देणारी कंपनी तो बघते. अहवालात चूक असेल तर डेटाक्यूज नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून हरकत घेता येते. रस्त्यावर हुज्जत घालून काही होत नाही.
आणखी एक. हा नियम फक्त सीडीएलवाल्यांना नाही. राज्याबाहेर धंद्यासाठी जाणारं १०,००१ पौंडांपुढचं कुठलंही वाहन त्यात येतं, म्हणजे साधारण साडेचार टन. "आधी छोटा बॉक्स ट्रक चालवतो, इंग्रजी नंतर बघू" ही पळवाट नाही.

पेठरोड_१५
वरच्या उत्तरात मुलाखत आली, पण त्यात विचारतात काय ते राहिलं. विषय ठरलेले आहेत: कुठून निघालास, कुठे चाललास, आज किती तास ड्युटी आणि त्यातलं ड्रायव्हिंग किती, लायसन्सवर काय लिहिलंय, मालाच्या कागदांवर काय लिहिलंय, आणि गाडीचे तपासायचे भाग. म्हणजे आपल्याकडे विल्होळीला किंवा घोटीला कोणी अडवलं तर जे विचारेल तेच. फरक बोलण्याच्या तऱ्हेत आहे. पुस्तकात "व्हेअर आर यू गोइंग?" असतं, रस्त्यावर "व्हेअर यू हेडेड?" येतं. "व्हॉट आर यू कॅरिइंग?" ऐवजी "व्हॉट यू हॉलिन?" किंवा "यू लोडेड ऑर एम्प्टी?" "हाउ लाँग यू बीन ऑन टुडे?" यातलं "ऑन" म्हणजे ड्युटीवर, हे न कळणारे पुष्कळ.
मग हुकूम. "पुल अप अ लिटल", "किल द इंजिन", "हिट युअर फोर-वेज" (चारही इंडिकेटर लाव), "लेफ्ट टर्न" (डावा इंडिकेटर दे), "स्टेप ऑन द ब्रेक अँड होल्ड इट", "पॉप द हूड", "हॉप आउट". यांना तोंडी उत्तर नको असतं, हात हलायला हवेत. पोरं इथे "यस सर, यस सर" म्हणत मान डोलावतात आणि जागचे हलत नाहीत. ती मान फार घातक आहे. "हाउ लाँग हॅव यू बीन ऑन ड्युटी?" याला "यस सर" असं उत्तर गेलं की अधिकाऱ्याचं मत तिथेच तयार होतं. "सॉरी, से दॅट अगेन, प्लीज" म्हणण्यात कमीपणा नाही, ते म्हणणं हेसुद्धा इंग्रजीच आहे. फक्त प्रत्येक प्रश्नाला म्हणू नये.
आपल्या ड्रायव्हरांची खरी अडचण वेगळीच आहे. त्यांना इंग्रजी शब्द येतात, पण ते आपल्या लाइनवरचे. डिपर तिथे कोणाला कळत नाही, तिथे हाय बीम आणि लो बीम. इंडिकेटर म्हणजे टर्न सिग्नल. बॉनेट म्हणजे हूड. स्टेपनी म्हणजे स्पेअर टायर. हँडब्रेक म्हणजे पार्किंग ब्रेक. वजनकाटा म्हणजे वे स्टेशन किंवा नुसतं स्केल. बिल्टी म्हणजे बिल ऑफ लेडिंग, बोलताना बीओएल. डायव्हर्जन म्हणजे डीटूर. चालान म्हणजे टिकिट किंवा सायटेशन. पंक्चर म्हणजे फ्लॅट. गाडीची "बॅकसाइड" म्हणू नये, लोक हसतात, रिअर म्हणावं. घोडा म्हणजे ट्रॅक्टर, आणि ट्रेलर न लावता नुसता घोडा पळवणं म्हणजे बॉबटेल. किंगपिन मात्र दोन्हीकडे किंगपिनच, तेवढी सोय आहे.
आकडे आणि अक्षरांवरही वेळ द्या. ट्रेलर नंबर सांगताना झेडला झी म्हणायचं, शून्याला ओ म्हटलेलं ओळखायचं, व्ही आणि डब्ल्यू वेगळे उच्चारायचे. आपण दोन्हींना एकाच "व"ने उरकतो. तारीख महिना आधी, म्हणजे ०४/०५ ही ५ एप्रिल. लाखात आकडा सांगायचाच नाही.

घाटउतार
पाट्यांबद्दल मी लिहितो. तक्ता पाठ करून नापास होणारे असतात, कारण "ही कोणती पाटी?" एवढाच प्रश्न नसतो, "ही दिसली तर तू काय करशील?" हे सांगता यायला हवं. त्यामुळे प्रत्येक पाटीला एक क्रियापद जोडा.
चिन्हांच्या पाट्या सोप्या. अक्षरांच्या पाट्या अवघड, आणि अमेरिकेत अक्षरांच्याच जास्त. त्यातही स्पेलिंग कापलेलं असतं. "थ्रू" टीएचआरयू असं लिहितात, "क्रॉसिंग"चं एक्सिंग होतं, माइलचं नुसतं एमआय, क्लोज्डचं सीएलएसडी. "नो ट्रक्स" आणि "नो थ्रू ट्रक्स" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत शिरायचंच नाही. दुसरीत त्या भागात माल उतरवायचा असेल तर जाता येतं, नुसतं आरपार निघून जाता येत नाही. विजेच्या अक्षरांचे बदलते फलकही तपासणीत धरले आहेत. "क्रॅश अहेड, राइट लेन क्लोज्ड, यूज ऑल्ट रूट" अशी ओळ ६५ मैलांच्या वेगात, म्हणजे ताशी १०५ किलोमीटरला, दोन-तीन सेकंद दिसते. तेव्हा ट्रेनिंगमध्येही फोटो तीन सेकंदच दाखवा आणि झाका.
न्यू जर्सीला जाणाऱ्याने "पॅसेंजर कार्स ओन्ली" आणि "लो क्लिअरन्स" या दोन पाट्या झोपेतही ओळखाव्यात. शेजारच्या न्यूयॉर्कमधल्या पार्कवेंवर ट्रकला बंदी आहे आणि तिथले पूल बुटके आहेत. साध्या ट्रेलरची उंची १३ फूट ६ इंच, म्हणजे ४.११ मीटर. पुलावर ११ फूट ८ इंच लिहिलेलं असताना शिरला तर छप्पर सोलून निघतं. गार्डन स्टेट पार्कवेच्या उत्तर भागातही जड ट्रक चालत नाहीत. मोबाइलचा साधा नकाशा यातलं काही सांगत नाही, तो कारसाठी असतो.
"वेट लिमिट १० टन्स" इथे टन आपला नाही. तो २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. पूर्ण भरलेल्या गाडीची सर्वसाधारण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे ३६.३ मेट्रिक टन.
घाटासाठी "सिक्स पर्सेंट ग्रेड नेक्स्ट फोर माइल्स", "ट्रक्स यूज लो गिअर", "रनअवे ट्रक रॅम्प". कसाऱ्याला न्यूट्रल मारून डिझेल वाचवायची सवय असेल त्याला दुसऱ्या पाटीचा अर्थ शब्दाने कळेल, अंगाने कळणार नाही. आणि "स्लोअर ट्रॅफिक कीप राइट": तिथे हळू जाणाऱ्याची लेन उजवी. आपली डावी. डोक्यात मराठी भाषांतर करत बसला तर इथे हमखास उलटं होतं.
१२ ऑगस्ट २०२५ ला फ्लोरिडातल्या टर्नपाइकवर (टोलच्या महामार्गावर) "ऑफिशियल यूज ओन्ली" अशी पाटी असलेल्या मधल्या मोकळ्या जागेतून ट्रेलरने यू-टर्न घेतला आणि धडकलेल्या गाडीतले तिघे मेले. फेडरल परिवहन खात्याने नंतर सांगितलं की त्या चालकाला १२ तोंडी प्रश्नांपैकी २ आणि ४ पाट्यांपैकी १ बरोबर सांगता आली. आपल्याकडे दुभाजकाची फट दिसली की ती वापरायचीच असते असा समज आहे. ही पाटी यादीत सगळ्यात वर लिहा.

शिदोरी_पंचवटी
सगळ्यांचे आभार, हे माझ्या नेहमीच्या पुस्तकांत कुठेच नाही. दोन गोष्टी राहिल्या. सीडीएलची परीक्षा हिंदीत देता येते असं तो म्हणतोय. आणि बारा वर्षांचं इथलं लायसन्स दाखवून तिथलं मिळतं का?

कलम_३९१
दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. भारतीय हेवी लायसन्सवरून सीडीएल बदलून मिळत नाही. पेठ रोडच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं तरी त्यावर तिथे धंद्याचा ट्रक चालवता येत नाही. शून्यापासून सुरुवात: वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, मग लर्नर परमिट. ७ फेब्रुवारी २०२२ पासून फेडरल नोंदणीत असलेल्या संस्थेतूनच प्रशिक्षण घ्यावं लागतं. परमिट मिळाल्यावर किमान १४ दिवसांनी प्रत्यक्ष परीक्षा.
पहिल्याचं: लेखी परीक्षा परभाषेत घेण्याची मुभा फेडरल नियमाने राज्यांना आतापर्यंत दिली होती, पण कुठलं राज्य कुठल्या भाषेत घेतं हे त्या-त्या राज्यावर. शिवाय दुभाषा तिथेही नाही. प्रत्यक्ष परीक्षा मात्र इंग्रजीतच, परीक्षकाच्या सूचना इंग्रजीत समजून तशा पाळाव्या लागतात. म्हणून लेखी हिंदीत मिळत असली तरी देऊ नका असं माझं मत. ती सोय त्याला पुढच्या पायरीवर तोंडघशी पाडते.
प्रत्यक्ष परीक्षेचा पहिला भाग म्हणजे गाडीभोवती फिरून एकेका भागाला हात लावत तो काय आहे आणि काय तपासलं ते इंग्रजीत बोलायचं. तुमच्या वर्गासाठी हा आयता धडा आहे. वाक्यं तीच तीच येतात: "नॉट क्रॅक्ड, बेंट ऑर ब्रोकन", "सिक्युअरली माउंटेड", "नो लीक्स", "नो अब्रेजन्स, बल्जेस ऑर कट्स". पुढच्या टायरची नक्षी किमान ४/३२ इंच, बाकीच्यांची २/३२, म्हणजे ३.२ आणि १.६ मिलिमीटर.
एअर ब्रेकची चाचणी चुकली तर परीक्षा तिथेच संपते, म्हणून ती तोंडपाठ हवी. जोडगाडीत ब्रेक दाबून धरल्यावर एका मिनिटात ४ पीएसआयपेक्षा (हवेच्या दाबाचं तिथलं माप) जास्त हवा उतरता कामा नये. ब्रेक पंप करत हवा कमी करत गेलं की ५५ पीएसआयच्या खाली जाण्याआधी इशारा वाजायला हवा, आणि पुढे २० ते ४५ च्या दरम्यान पार्किंग ब्रेकची बटणं आपोआप बाहेर यायला हवीत. त्याला बारमध्ये सवय असेल. एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय, सात बारचा काटा म्हणजे १०० पीएसआय. नुसतं "हवा ओके" म्हणून चालत नाही, काय बघतोय आणि आकडा किती हे बोलायचं असतं.
ग्रीन कार्डवाल्याला साधं सीडीएल मिळतं. तात्पुरत्या परवानगीवर राहणाऱ्या परदेशी लोकांना मिळणाऱ्या "नॉन-डोमिसाइल" लायसन्सवरून चाललेली भानगड त्याला लागू नाही, तेवढी चिंता सोडा.

सातपूरकर
माहिती चांगली आहे, पण हे सगळं ऐकून कोणी असं समजू नये की नियम फार शास्त्रशुद्ध आहे. "पुरेसं" म्हणजे किती ते अधिकाऱ्याच्या कानावर. एकाच चालकाला एका राज्यात सोडतील, दुसऱ्यात उभं करतील. १९९७ मध्ये हा नियम बदलायचा विचार तिथल्या यंत्रणेने सुरू केला होता, २००३ मध्ये तो गुंडाळला. आता तर राज्यांवरही बडगा आहे: अंमलबजावणी करत नाही म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाचे ४ कोटी डॉलरहून जास्त रोखले. अशा वेळी अधिकारी सैल राहील असं धरून चालू नये.
आपल्याकडेही हे झालंय की. २०१६ मध्ये रिक्षा परमिटला मराठीची अट घातली, २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. तेव्हा इथे टाळ्या वाजवणारे आता अमेरिकेच्या नियमाला नावं ठेवताना दिसतात, गंमत वाटते.

कलम_३९१
सातपूरकर, कानाचा मुद्दा मान्य. पण रिक्षाची तुलना जुळत नाही. तिथे वाद परमिटच्या अटीचा होता, इथे चालकाच्या पात्रतेचा आहे. सूट आहेत त्या अगदी मोजक्या: मेक्सिकोच्या सीमेलगतच्या ठरावीक पट्ट्यात नोंद करतात पण गाडीवरून उतरवत नाहीत, आणि ऐकू न येणाऱ्या ज्या चालकांना रीतसर सवलत मिळालेली आहे त्यांना बोलता येत नाही म्हणून धरत नाहीत. न्यू जर्सीत यातलं काही कामाचं नाही.

ओझर_फाटा
एजंटबद्दल. त्या दोन मित्रांना आजच सांगा, एक रुपया देऊ नका. २१ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ट्रकचालकांसाठीचे कामाचे व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं. "ड्रायव्हर व्हिसा" नावाचा वेगळा प्रकार तर मुळातच नाही. पर्यटक किंवा बिझनेस व्हिसावर तिथे ट्रकची नोकरी करता येत नाही. इंग्रजीचं सर्टिफिकेट कोणी मागत नाही हे वर आलंच आहे, म्हणजे एजंट जे विकतोय त्यातल्या दोन्ही वस्तू बाजारात नाहीत.
परदेशातल्या कुठल्याही नोकरीसाठी एजंट नोंदणीकृत आहे का ते ईमायग्रेट पोर्टलवर परवाना क्रमांक टाकून दिसतं. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखांची भाषा आली, पावती "कन्सल्टन्सी"च्या नावाने आली किंवा पासपोर्ट ठेवून घेतला, की उठून यायचं. आणि दुबईचा परवाना दाखवून कॅनडा-अमेरिका विकणारेही आहेत.
कॅनडाला जाऊ म्हणतील. तिथेही तेच धरून चाला: कॅनडाच्या गाडीने अमेरिकेची हद्द ओलांडली की अमेरिकेचा इंग्रजीचा नियम लागू होतो.

गोदाकाठची_शाळा
ताई, शिकवण्याचं मी सांगतो. रोज एक तास, आठवड्याला सहा दिवस, पाच महिने म्हणजे साधारण सव्वाशे तास. पुरेसे आहेत, पण व्याकरणाला त्यातले दहासुद्धा देऊ नका.
पहिला महिना फक्त ऐकणं आणि हुकमाप्रमाणे हात हलवणं. वर्गात नाही, गाडीत. आडगावच्या ट्रक टर्मिनलला उभ्या गाडीत तो बसेल, तुम्ही खाली उभ्या राहा, इंजिन चालू ठेवा. रीफर युनिट सुरू असेल तर उत्तमच, कारण खरी तपासणी त्याच आवाजात होते. शांत खोलीत दहापैकी दहा समजणारा इंजिनाच्या घरघरीत पाचवर येतो. त्याच्या मोबाइलला हात लावायची बंदी.
दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात प्रवासाचे प्रश्न आणि वेळेचा हिशोब. नियमात दिवसाला ११ तास ड्रायव्हिंग, ते १४ तासांच्या चौकटीत, त्याआधी सलग १० तास विश्रांती, आणि ८ तास ड्रायव्हिंगनंतर पुढे जायच्या आधी ३० मिनिटांचा थांबा. हे त्याला इंग्रजीत बोलता यावं: "आय स्टार्टेड अॅट सिक्स, आय ड्रोव्ह फाइव्ह अवर्स, आय हॅव सिक्स लेफ्ट." रोज वेगळे आकडे द्या. पाठ केलेलं उत्तर इथे लगेच उघडं पडतं, कारण अधिकाऱ्यासमोर लॉगचा, म्हणजे ड्युटीच्या तासांच्या नोंदीचा, आलेख असतो आणि तोंडचा आकडा त्याच्याशी जुळावा लागतो. ऑफ ड्युटी, स्लीपर बर्थ, ड्रायव्हिंग, ऑन ड्युटी या चार स्थितींतला फरक, विशेषतः माल भरताना कुठली लावायची, हे उदाहरणांनी घ्या. इलेक्ट्रॉनिक लॉग अधिकाऱ्याकडे पाठवण्याच्या सूचना इंग्रजीत ऐकून पाठवता यायला हव्यात. यंत्र बंद पडलं तर हाताने भरायचे किमान आठ दिवसांचे कोरे लॉग गाडीत ठेवायचे असतात, ते भरण्याचा सराव म्हणजेच तुमचा लेखनाचा तास.
चौथा महिना कागद आणि पाट्या. बिल ऑफ लेडिंगवर शिपर, कन्साइनी, वजन, नग, सील नंबर बोटाने दाखवून वाचायला लावा. गाडीतला बिघाड एका ओळीत लिहायला शिकवा: "लेफ्ट रिअर टर्न सिग्नल नॉट वर्किंग", "एअर लीक अॅट ट्रेलर ग्लॅड हँड" (ग्लॅड हँड म्हणजे हवेच्या नळीचा जोड). पूर्ण वाक्याची गरज नाही.
तुमचा विद्यार्थी रीफरवाला आहे म्हणून एक खास सांगतो. त्याला द्राक्षं शून्य डिग्रीला न्यायची सवय. तिथे रीफर फॅरनहाइटवर असतो. द्राक्षांचं शून्य म्हणजे ३२ फॅरनहाइट, आणि शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे अठरा सेल्सिअस, आइस्क्रीमचं तापमान. कागदावरचा आकडा, "फ्रेश" की "फ्रोझन" हा शब्द आणि युनिटवरचा आकडा, तिन्ही मोठ्याने वाचून मगच दार बंद करायची सवय आत्ताच लावा.
शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला नवीन माणूस अधिकारी म्हणून उभा करा, तुमचा आवाज त्याला एव्हाना ओळखीचा झालेला असेल. वीस प्रश्न, क्रम बदललेला, मध्येच दोन पाट्या. माझा मापदंड असा: सोळा उत्तरं पहिल्या ऐकण्यात यावीत आणि उरलेल्या चारला त्याने गप्प न बसता पुन्हा विचारावं. पूर्ण वाक्यात बोललाच पाहिजे असा आग्रह नको. "नाशिक टू मुंबई, ग्रेप्स, फोर अवर्स" हे पुरेसं इंग्रजी आहे.

शिदोरी_पंचवटी
आवाजाचं कधी डोक्यातच आलं नसतं. रविवारी आडगावला जाऊन बघते, टर्मिनलमध्ये गाडी उभी करून तासभर असा सराव करू देतात का. उच्चाराबद्दल एकच विचारते, अमेरिकन अॅक्सेंट शिकवायचा का?

गोदाकाठची_शाळा
बोलायला नको, ऐकायला हवा. तो मराठी ढंगात बोलला तरी हळू आणि सुटं बोलला की कळतं. पण समोरच्याचं "ट्वेनी" म्हणजे ट्वेंटी आणि "गॉचा" म्हणजे समजलं, हे त्याच्या कानाला ओळखीचं असू द्या. रविवारी जाताना पिवळं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घालून जा, टर्मिनलमध्ये रिव्हर्स घेणारा कोणी बघत नाही.